एक बेशुद्ध, बाकी सुखरूप

रत्नागिरीचा माणूस सरकारी योजनेवर आधी शंका काढतो आणि योजना संपली की आपल्याला ती का मिळाली नाही म्हणून अर्ज करतो. मी पिढीजात रत्नागिरीकर आहे. शिवाय पतसंस्थेत कारकून आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर शंका काढण्याचा मला पगारही मिळतो. त्यामुळे 2018 च्या नोव्हेंबरात मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी निघाली, तेव्हा ती मी दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती. मला ते जास्त संशयास्पद वाटलं.

पुढच्या बाजूला लिहिलं होतं की 27 नोव्हेंबरपासून राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू होत आहे. 9 महिने पूर्ण झालेल्या बाळापासून 15 वर्षांखालच्या मुलांपर्यंत सगळ्यांना लस द्यायची आहे, आधी दिलेली असली तरीही. शाळेत अमुक दिवशी आरोग्य केंद्राची माणसं येतील. आणि तळाला, ठिपक्यांच्या ओळीखाली, 'पालकांची सही'.

माझं घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

सहीचं आणि माझं वाकडं आहे. तरुणपणी एका मित्राच्या स्कूटरच्या कर्जाला मी जामीन राहिलो. मित्र त्याच स्कूटरवरून जो गेला तो मुंबईलाच, आणि हप्ते माझ्याकडे राहिले. तेव्हापासून एवढं कळलं की पुढेमागे काही झालं तर कुणाची मानगूट धरायची, याची सोय म्हणून सही घेतात. मुलाला लस टोचली आणि काही झालं, तर सही माझी. टोचली नाही आणि गोवर आला, तर तो आपल्या पायांनी आला. त्याच्या खाली कुणाची सही नसते. हा हिशेब मी घरात कुणाला बोलून दाखवला नाही. विचारलं की 'अभ्यास चालू आहे' असं सांगायचो.

अभ्यासाचं साहित्य पुण्याहून यायचं. गोवर-रुबेलाची लस पुण्यात हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि तिच्याबद्दलच्या शंका तिथून थोड्याच अंतरावर माझ्या मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये तयार होतात. 'भावोजी, वेळीच डोळे उघडा' अशा मथळ्याखाली तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर धाडायचा. लसीत पारा असतो. लसीने पुढे मुलं होत नाहीत. लसीने मूल स्वमग्न होतं. (2021 मध्ये हाच मेहुणा कोव्हिशील्डसाठी पहाटे रांगेत उभा राहिला आणि दंड उघडा टाकून फोटोही पाठवला. कंपनी तीच. पण तेव्हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या दंडाचा होता.)

स्वमग्नतेच्या भानगडीचं मूळ मी शोधून काढलं. 1998 साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा लेख आला होता. अवघी 12 मुलं, पण त्यावरून गोवराच्या लसीवर किटाळ आलं. इतकं वाचेपर्यंत रात्रीचे साडेबारा झाले, मला झोप आली आणि मी 1998 सालातच झोपलो. 2010 मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरची वैद्यकी करण्याची सनदही गेली, हा भाग त्याच पानावर खाली होता. तिथे मी पोचलो तोवर आमच्या पतसंस्थेतल्या निम्म्या लोकांना वेकफिल्ड पाठ झाला होता. अर्थात माझ्याकडून, आणि 1998 पर्यंतचाच.

शेजारच्या अप्पांकडे गेलो. अप्पा निवृत्त इतिहासशिक्षक. त्यांना वेळ विचारली तरी ते पेशवाईपासून सुरू करतात. म्हणाले, "हिंदुस्थानात पहिली लस कुठे टोचली माहिताय? मुंबईत. 14 जून 1802. अ‍ॅना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची पोर. देवीची लस. तिच्या दंडावर फोड आला, त्यातली लस काढून पुढच्या पाच मुलांना टोचली, आणि अशी दंडातून दंडात करत ती पुण्याला, सुरतेला पोचली. फ्रीज नव्हते ना. पोरं हाच फ्रीज!"

"तिच्या बापाने सही केली होती का?" मी विचारलं.

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं आणि 1897 वर आले. मुंबईत प्लेग, हाफकिनने लस बनवली आणि 10 जानेवारीला आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग ओघात पंजाबातल्या मुल्कोवालची गोष्ट निघाली. 1902 साली तिथे एका दूषित बाटलीतून प्लेगची लस दिली गेली आणि 19 माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला. तो निर्दोष असल्याचं मान्य व्हायला पाच वर्षं गेली. अप्पा तासभर बोलले असतील. घरी परत येताना माझ्या डोक्यात एवढंच शिल्लक होतं: मुल्कोवाल, 19.

बायकोने ते शांतपणे ऐकून घेतलं. आमची पावसच्या रस्त्याला थोडी हापूसची कलमं आहेत. ती म्हणाली, "अहो, पावसाळ्यात कलमांच्या बुंध्यात कल्टार ओतलंत तेव्हा त्यात काय असतं ते वाचलं होतंत? परवा तुडतुड्यावर फवारणी केलीत, ती कुणाच्या सांगण्यावरून?"

"दुकानदाराच्या."

"त्याच्याकडून काही लिहून घेतलंत?"

तिला सांगायला हवं होतं की फवारणीचं वेळापत्रक असतं, मोहोर दिसला की ही, पंधरा दिवसांनी ती; चुकली तर पीक जातं; वादाला तिथे जागाच नसते. पण हे वाक्य तोंडातून काढलं असतं तर मुलाचं लसीकरणाचं कार्डच तिने माझ्या हातात ठेवलं असतं. मी विषय बदलला आणि मोहोर यंदा कसा आहे यावर बोललो.

आईने मात्र वाद घातला नाही. तिच्या दंडावर देवी काढल्याचे दोन मोठे वण आहेत. लहानपणी आम्ही त्यात बोट घालून बघायचो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गोवर आला की घरात फोडणी बंद, दारात कडुनिंबाचा डहाळा. तेवढंच करता यायचं. तुझ्या आधीची माझी एक त्यातच गेली. तेव्हा कुणी चिठ्ठी पाठवली नाही." आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं.

त्या रात्री मी सही करणारच होतो. पण चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती, शर्ट धुवायला गेला आणि चिठ्ठीचा लगदा झाला. याला मी दैवी कौल मानला.

मग शाळेत पालकसभा झाली. तालुक्यात सगळीकडे कुजबुज होती, म्हणून आरोग्य केंद्राच्या सिस्टरना बोलावलं होतं. पालकांचे प्रश्न साधे होते. 'ताप येईल का?' येऊ शकतो, थोडा. 'आधी खासगी दवाखान्यात दिलीय, परत कशाला?' त्यावर सिस्टर म्हणाल्या, नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातल्या सुमारे 85 मुलांनाच लागू पडतो, उरलेली कोण ते चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून सगळ्यांना. 'मुलग्यांना रुबेला कशाला?' मुलग्याला झाला तर दोन दिवस पुरळ येऊन जाईल; पण त्याच्यापासून घरातल्या, शेजारच्या दिवस गेलेल्या बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, काळीज धरतो. माना डोलल्या. गोव्यात, कर्नाटकात हीच मोहीम 2017 लाच होऊन गेली, हे ऐकल्यावर तर एकदोघे 'मग आपलंच उशिरा का' यावर घसरले.

अशा वेळी गप्प बसावं. मी उभा राहिलो. वेकफिल्डपासून सुरुवात केली, मुल्कोवालला वळसा घातला आणि आवाज चढवून विचारलं, "या लसीत पारा आहे की नाही, एवढंच सांगा!"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "पारा म्हणजे तुम्ही थायमेरोसल म्हणताय. बऱ्याच डोसांच्या काही कुप्यांत जंतू वाढू नयेत म्हणून ते किंचित घालतात. ही लस जिवंत विषाणूची, दुबळा केलेल्या. त्यात ते घातलं तर लसच मरेल. म्हणून तर ही दोन ते आठ अंशांत सांभाळायची आणि एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. आणखी काही?"

आणखी बरंच होतं, पण आठवेना. मी म्हटलं, "एकंदरीत, माझी सही विचारपूर्वक होईल."

वर्गशिक्षिकेने वही उघडली. "तुमची आलीय की. पहिल्याच दिवशी. आईची सही आहे."

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. माझी पडलेली बाजू सावरायला म्हणाले, "तुमचा एवढा अभ्यास आहे, तर त्या दिवशी मदतीला या ना." टाळ्या वाजल्या. नाही म्हणायची सोय राहिली नाही.

माझं काम सोपं होतं: लस घेतलेल्या मुलाच्या डाव्या अंगठ्यावर मार्करची खूण झाली की त्याला शेजारच्या वर्गात नेऊन अर्धा तास बसवायचं. निळ्या पेटीत बर्फाच्या पिशव्या, त्यात कुप्या. सिरिंज अशी की एकदा वापरली की दट्ट्या अडकतो; दुसऱ्यांदा वापरायची म्हटलं तरी वापरता येत नाही. हे सगळं मी जवळून, कौतुकाने बघत होतो. मुलं रांगेत येत होती, बाही वर करत होती. एखादं रडत होतं, बाकीची त्याला हसत होती. माझा मुलगा आला. टोचून झाल्यावर त्याने विचारलं, "एवढंच?"

तेवढ्यात सिस्टरनी वापरलेली सुई एका छोट्या यंत्रात घातली आणि कट् असा आवाज झाला. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. लोक सांगतात की मी फारसा आवाज न करता, उभ्याचा आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा नकाशांच्या कपाटामागे होतो. आधी मला वाटलं, मान राखायला आडोसा केलाय. तसं नव्हतं. रांगेतलं एक कोणी पडलेलं दिसलं की मागची पोरं निव्वळ भीतीनेच पडायला लागतात, म्हणून दोन शिक्षकांनी मला खांद्यापायाला धरून घाईघाईने लपवलं होतं. कुणीतरी कोकम सरबत दिलं. सिस्टर रक्तदाब बघत म्हणाल्या, "दिवसभरात काही त्रास झाला का, हे वर कळवायचं असतं. तुम्हाला कुठल्या रकान्यात घालू? तुम्हाला तर लसच दिलेली नाही." मग मला त्या अर्ध्या तासाच्या वर्गात, पहिल्या बाकावर, मुलांबरोबर बसवलं. शेजारच्या मुलीने माझा अंगठा तपासला. "काकांना खूण नाही," तिने जाहीर केलं.

त्या दिवशी शाळेतल्या एकाही मुलाला काही झालं नाही.

पण कपाटापलीकडे दोन पाय जाताना चौथीतल्या कुणीतरी पाहिले होते. घरी जाऊन ते म्हणालं, इंजेक्शनच्या वेळी एक जण पडला. हे खरंच होतं. माळनाक्यापर्यंत 'एक जण'चा 'एक मुलगा' झाला होता. मारुती मंदिराच्या स्टॉपवर मुलं तीन झाली. रात्री जेवताना माझा फोन वाजला. पुण्याचा मजकूर होता: 'रत्नागिरीत गोवर-रुबेला लसीनंतर विद्यार्थी बेशुद्ध, एक अत्यवस्थ. प्रशासनाची लपवाछपवी.' खाली मेहुण्याची स्वतःची ओळ: 'भावोजी, तुमच्याच गावातलं आहे. आता तरी डोळे उघडा.'

मी लिहिलं, तो मीच. त्याचं उत्तर आलं: 'तुम्हाला लस का दिली???'

मग लांज्याहून मामांचा फोन. मामांच्या घरात दोन नातवंडं, त्यांच्या शाळेत मोहीम पुढच्या आठवड्यात. "काय रे, पोर कसं आहे तुझं?"

"उत्तम आहे, मामा. पडलो तो मी. लस घेऊन नाही, नुसता बघून. भीतीने."

"तू कशाला भिशील? मोठा माणूस तू."

"भ्यायलो, मामा. सुई कापायच्या आवाजाला. लसीचा काही संबंध नाही. तुम्ही नातवंडांना बिनधास्त पाठवा, मी सांगतोय ना."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मामा एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "कळलं. असं बोलायला सांगितलंय ना तुला शाळेने? फोनवर काही बोलू नकोस. मी रविवारी एष्टीने येतो."