टेप अंतर मोजतो, माती कोण मोजणार?

बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं नामपूर असं का वाढलं हे समजून घ्यायचं असेल तर नकाशा बाजूला ठेवा आणि कांद्याच्या एका ट्रॉलीमागे चाला. बाजार समितीच्या आवारात लिलाव होतो, भाव पुकारला जातो, चिठ्ठी हातात पडते. शेतकऱ्याचं काम मात्र तिथे संपत नाही. भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. खळ्यावर ती रिकामी होते, कांदा निवडला जातो, गोण्या भरल्या जातात आणि ट्रक लागतो. रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. मग हिशेब, मग पट्टी, मग पैसे.

आता सांगा, हे खळं कुठे असणार? आवारापासून जवळ, कारण दर फेरीचं डिझेल कुणाच्या तरी खिशातून जातं. रस्त्याला लागून, कारण ट्रकला वळायला जागा हवी. खळ्यापाठोपाठ बारदानाचं दुकान येतं, ट्रॅक्टरचं गॅरेज येतं, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था आणि चहाची टपरी येते. यातलं एकही दुकान कुणा नगररचनाकाराने आखून दिलेलं नाही. कांद्याच्या वजनाने ते तिथे ओढून आणलं.

योहान हाइन्रिश फॉन थ्यूनन या जर्मन जमीनदाराने ही गोष्ट 1826 सालीच कागदावर मांडली होती. स्वतःच्या शेतीचे जमाखर्च तपासून त्याने दाखवलं की जमिनीचा वापर बाजारापासूनच्या अंतरावर आणि गाडीभाड्यावर ठरतो. नाशवंत माल बाजाराजवळ, धान्य त्यापलीकडे, गुरांची कुरणं सर्वांत लांब. आज मोठमोठ्या शहरांच्या जमिनीचं अर्थशास्त्र याच पायावर शिकवलं जातं. आपल्या शेतकऱ्याला ते पुस्तकाशिवाय कळतं, कारण भाडं तोच भरतो.

पण थ्यूननने सोयीसाठी एक गृहीत धरलं होतं: सगळी जमीन सपाट आणि सारख्या कसाची. मोसम खोऱ्यात हे गृहीत पहिल्याच बांधावर कोसळतं. इथे जमिनीचा वापर आधी पाण्याने ठरवला, बाजार नंतर आला. मोसमवर, आरमवर, पलीकडे धुळ्यात पांझरेवर जुने बंधारे आहेत. नदी अडवायची, पाट काढायचा आणि उतारावरून पाणी आपल्या पायांनी शेतात जाऊ द्यायचं. याच पाण्यावर फड पद्धत उभी राहिली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढच्या वर्षी फेरपालट करायची. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक. पाटकऱ्याने पाणी द्यायचं, जागल्याने राखण करायची आणि त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा.

यातली खरी ताकद बघा. माझ्या रानात काय पिकवायचं हे मी एकटा ठरवत नाही. पाणी सगळ्यांचं, म्हणून पिकाचा निर्णयही सगळ्यांचा. जमिनीच्या वापराचं नियोजन म्हणजे हेच. मोसमकाठच्या शेतकऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं, आणि नगररचना खातं जन्माला यायच्या कितीतरी आधी केलं. पुढे विहिरी झाल्या, विजेच्या मोटारी आल्या, वर हरणबारी धरण झालं, जो तो आपल्या पाण्याचा मालक झाला. बहुतेक ठिकाणी फड मोडले. त्याबरोबर एक सवयही मोडली, शेजाऱ्याला विचारून जमीन वापरण्याची.

घराचाही नियम होता. पांढरीत वस्ती, काळीत पीक. घर बांधायचं तर उंचवट्यावर, पिकाला नालायक अशा जमिनीवर. काळ्या मातीत पाया खचतो, भिंतीला तडे जातात आणि पोटाला लागणारी जमीन अडते, ही तिन्ही कारणं जुन्या माणसांना पाठ होती. गावठाणाची जागा जमिनीचा कस बघून ठरत होती.

हीच मोसम पुढे मालेगावात जाते. तिथे 1740 साली नारोशंकर राजेबहादुरांनी भुईकोट बांधायला घेतला, 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि नदीपलीकडे छावणी पडली. ते आजचं कॅम्प. 1857 नंतर उत्तरेकडून विणकर आले, त्यांनी घरात माग टाकले, मागांचे पुढे यंत्रमाग झाले. आजही मालेगावच्या कित्येक गल्ल्यांत घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन वेगळी शहरं, एक सैन्याच्या सोयीचं आणि एक विणकराच्या गरजेचं. दोनशे वर्षांपूर्वीची एक छावणी आणि दीडशे वर्षांपूर्वीचं एक स्थलांतर तिथल्या रस्त्यांची रुंदी अजून ठरवतं. म्हणून म्हणतो, आज नामपुरात जे आखलं जाईल ते आपले पणतू भोगतील.

आणि आज आखणारं कोण आहे? डांबर. नामपूरला रेल्वे नाही, इथे सगळं रस्त्यावरून चालतं. सटाणा, मालेगाव, ताहाराबाद, साक्री या चारही दिशांचे रस्ते इथून फुटतात. रस्त्याला लागलेली जमीन एकराने विकली जात नाही, गुंठ्याने विकली जाते आणि चौरस फुटाने मोजली जाते. एका एकरात 40 गुंठे, एका गुंठ्यात 1089 चौरस फूट. एकराचा भाव माती आणि विहीर बघून ठरतो. चौरस फुटाच्या भावात मातीचा एक पैसाही धरलेला नसतो. ज्या क्षणी मोजमाप बदललं, त्या क्षणी पाटाच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या भिजलेली काळी आणि कुसळाचा मुरमाड माळ एकाच भावाला आले. नव्हे, काळी हरली, कारण माळापर्यंत रस्ता नाही आणि काळीच्या कडेने रस्ता गेला आहे.

कायदा तरी काळीच्या बाजूने उभा राहील, असं वाटेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 42-ड वाचा. प्रादेशिक योजनेत रहिवासी किंवा तत्सम वापराला दिलेल्या भागात, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन कर भरला की बिनशेती मानायची, अशी तरतूद त्यात आली. हेतू चांगला होता, तहसीलच्या पायऱ्या झिजवणं थांबावं हा. ते थांबायलाच हवं होतं. पण त्या टेपच्या 200 मीटरात एका बाजूला खडक असेल आणि दुसऱ्या बाजूला मोसमकाठची बागायत असेल, तर दोन्हीला नियम एकच. टेपला माती दिसत नाही. 2023 मध्ये सरकारने प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे केलं. म्हणजे बागायत जमिनीचा तुकडा जिरायतीपेक्षा लहान पाडता येतो. पिकाच्या हिशेबाने हे बरोबर आहे, 10 गुंठे बागायत एका कुटुंबाला हातभार लावते. रस्त्याच्या कडेला मात्र तोच तुकडा भविष्यातला प्लॉट होतो.

नियमातल्या एका शब्दाने शहर कसं फिरतं, हे बघायचं तर गिरणगाव बघा. 1991 च्या मुंबईच्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: महापालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरं आणि मालकाला उरलेलं. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. मैदानं आणि कामगारांची घरं व्हायची होती त्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत. लालबाग-परळला हे कळलं तेव्हा हरकतीची मुदत केव्हाच सरली होती.

काळी जमीन विकली म्हणून शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली. मे 2024 मध्ये ती उघडली तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरच्या किमान निर्यात किमतीसह. शुल्क पूर्ण उठायला 1 एप्रिल 2025 उजाडला. त्याआधी याच तालुक्यात तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उपटायला लावल्या होत्या. पोराचं शिक्षण, मुलीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज अशा वर्षांत थांबत नाही. रस्त्याला लागलेले काही गुंठे विकून तो मोकळा होतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही विकले असते. बागलाणातल्या जमिनीचा वापर असा दिल्लीतल्या एका अधिसूचनेने ठरतो. ज्यांना कांदा स्वस्त हवा त्यांनी लक्षात ठेवावं की त्या स्वस्ताईची किंमत काळ्या मातीत वसूल होते. आणि एकदा तिच्यावर काँक्रीट पडलं की ती परत पिकायची नाही.

मग करायचं काय? गाव वाढू नये असं मी म्हणत नाही. खळी हवीत, घरं हवीत, तरुणांना दुकानं हवीत. फक्त ती माळावर जाऊ द्या. माळावर लोक का जात नाहीत? तिथे नळ नाही, गटार नाही, पक्का रस्ता नाही. घर नेहमी पाइपलाइनच्या मागे जातं. आणि ही पाइपलाइन कुठे टाकायची, हे मंत्रालय ठरवत नाही, ग्रामपंचायत ठरवते. उद्या पाण्याची टाकी आणि रस्ता मुरमाड बाजूला आधी गेला तर प्लॉटही तिकडेच पडतील, कुणावर बंदी न घालता.

जिरायत कोणती, बागायत कोणती, पोटखराबा किती, हे सातबाऱ्यावर आधीच लिहिलेलं आहे. नवी पाहणी नको, समिती नको. तलाठ्याच्या दप्तरातली ही माहिती गावाच्या नकाशावर रंगवा आणि तो नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावा, म्हणजे बंधाऱ्याखालची जमीन कोणती हे बाहेरून प्लॉट घ्यायला आलेल्यालाही दिसेल. प्रादेशिक योजनेत बदल निघाला की हाच नकाशा जोडून हरकत घ्या.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चारही दिवशी ग्रामसभा असते. नामपूरकरांनो, यातल्या येत्या सभेला जा, आणि पाण्याची पुढची पाइपलाइन माळाकडे न्यायचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.