पिटा

आमच्या कट्ट्यावर परवा देशापुढचा एक प्रश्न सुटता सुटता राहिला. वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा की नाही, असा तो प्रश्न. हजर सात जण. आपली या विषयातली सगळी माहिती निव्वळ वाचीव आहे, हे प्रत्येकाने बोलायच्या आधी सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं.

सुरुवात युरोपकाकांनी केली. गेल्या मे महिन्यात ते ग्रुप टूरने ॲमस्टरडॅमला जाऊन आले. त्या गल्लीसाठी टूर मॅनेजरने अर्धा तास दिला होता. काकूंना चीजच्या दुकानापाशी बसवून काकांनी 'सामाजिक अभ्यास' म्हणून एक फेरी मारली, आणि अभ्यास कच्चा राहू नये म्हणून दुसरी. "काय शिस्त हो! काचेच्या खिडक्या, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. २००० साली त्यांनी कुंटणखान्यांवरची बंदीच उठवली. कर भरतात त्या बायका, कर! आपल्याकडेही हेच पाहिजे." हेच काका नातवाची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जातात तेव्हा बुधवार पेठेची ती गल्ली टाळून वळसा घालतात. तिकडे पार्किंग मिळत नाही, म्हणतात.

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. त्यावर कोणीतरी कौटिल्य काढला. अर्थशास्त्रात 'गणिकाध्यक्ष' नावाचा खास अधिकारी आहे आणि रूपाजीवांनी दर महिन्याला दोन दिवसांची कमाई सरकारात भरायची, असा नियम आहे. मुख्याध्यापक क्षणभर थांबले. "ते वेगळं," ते म्हणाले. "ते संस्कृतात आहे."

"मुळात," वकीलसाहेब म्हणाले, "हा व्यवसाय बेकायदेशीर नाहीच."

कट्टा गप्प झाला. दोघातिघांच्या चेहऱ्यावर हे फार उशिरा कळल्याची खंत दिसली. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, तेव्हा नावं घेत नाही.

वकीलसाहेबांनी कायदा उलगडला. मूळ कायदा १९५६ सालचा, १९८६ साली नाव बदललेला. आता त्याला अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून पोलिसांत आणि पेठेत त्याला म्हणतात 'पिटा'. मराठी पोलिसाच्या हातात काठी द्यायची आणि कायद्याचं नाव 'पिटा' ठेवायचं. त्याने ते लघुरूप आहे की आज्ञार्थ, हे कसं ओळखावं?

तर या पिटामध्ये सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, स्वतःच्या खोलीत धंदा केला तर तो गुन्हा नाही. दारातून किंवा खिडकीतून खुणावलं, तर मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. पुरुषाला कामं असतात. सोबतीला दुसरी बाई राहिली आणि दोघींनी मिळून पोट भरलं, की ती खोली कुंटणखाना झाली. खोलीच कशाला, व्याख्येत वाहनसुद्धा आहे. घरमालकाने जाणूनबुजून जागा दिली तर तो आत. तिच्या कमाईवर अठरा वर्षांवरचं कोणी जगत असेल तर त्याला दोन वर्षांपर्यंत. म्हणजे मुलगा बारावीला असेपर्यंत विद्यार्थी. अठराव्या वाढदिवसाला आईने केलेला शिरा खाल्ला, की आरोपी.

थोडक्यात, जेवायला बंदी नाही. चूल, पातेलं, ताट आणि पंगत, एवढ्यालाच बंदी आहे.

"आणि सातवं कलम," वकीलसाहेब म्हणाले. देऊळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करायचा नाही. २०० मीटर हा शब्द कानावर पडताच आमचे ओव्हरसियर ताडकन उठले. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, पण मोजण्याची भूक गेलेली नाही. ते घरून पन्नास मीटरची फीत घेऊन आले, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आधी कट्ट्याशेजारच्या मारुतीपासून मापाला सुरुवात केली. चार वेळा फीत टाकल्यावर आमची अख्खी सोसायटी वर्तुळात आली. मग त्यांनी कागदावर पेठा काढल्या. दगडूशेठ, जोगेश्वरी, पासोड्या विठोबा, मध्ये शाळा, दवाखाने, मुलींची वसतिगृहं. वर्तुळावर वर्तुळ चढलं. पुण्यात कायदेशीर जागा उरली ती नदीपात्रात, आणि विसर्जनाच्या दिवशी तीही नाही.

"यादी अपुरी आहे," ओव्हरसियर म्हणाले. "यात पोलीस चौकी नाही."

नाहीच. हे कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वकच केलं असावं. चौकी चालत जाण्याच्या अंतरावर असली म्हणजे हप्ता वेळेवर पोहोचतो. आणि खरी गोम इथेच आहे. पूर्ण बंदी केली तर हप्ता भरायला कोणी उरणार नाही. पूर्ण मोकळीक दिली तर मागायला तोंड उरणार नाही. गुन्हा आहेही आणि नाहीही, या 'ही' ला बाजारात भाव आहे.

न्यायालयांनी हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. तुम्हाला रोखता येत नसेल तर कायदेशीर का करत नाही, असं २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सरकारला विचारलं होतं. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने सुधारणेसाठी डांबलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडून द्यायला सांगितलं. कोलकात्यात १९९९ साली धंदा करणाऱ्या एका बाईचा खून झाला. त्या खटल्यातलं खुन्याचं अपील २०११ साली फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या बायकांचा प्रश्न हाती घेतला, समिती नेमली, आणि २०२२ च्या मे महिन्यात आदेश दिला: यांना सन्मानाने वागवा, कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका, पत्त्याचा दाखला नसला तरी आधार कार्ड द्या. पत्त्याऐवजी प्रमाणपत्र द्यायचं ते एड्स नियंत्रणवाल्या अधिकाऱ्याने. त्यांचं ऐकून घेण्यासाठी आधी त्यांच्यातल्या एकीला मरावं लागलं, आणि त्या नागरिक असल्याची ग्वाही रोगाच्या खात्याने द्यायची. एवढं सोडलं तर आदेश चांगला आहे.

"म्हणून म्हणतो, परवाना!" युरोपकाका पुन्हा उसळले. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज तयार केला. नमुना 'व', दोन प्रतींत. रहिवासी दाखला, वैद्यकीय तपासणी, सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला.

"चारित्र्याचा?" मी विचारलं.

"फॉरमॅटमध्ये असतो तो. काढता येत नाही."

कोलकात्याच्या सोनागाछीत बायकांनी १९९५ साली स्वतःची सहकारी संस्था काढली, तेव्हा नोंदणीत इथेच माशी शिंकली होती. सभासद चांगल्या चारित्र्याचा असावा, अशी अट. शेवटी त्यांनी ती अटच हलवायला लावली. बरं झालं हे बंगालात घडलं. महाराष्ट्राच्या सहकारात ही अट कोणी मनावर घेतली असती तर पहिल्याच हंगामात गाळप बंद पडलं असतं.

आणि परवान्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेला आहे. १८६८ साली इंग्रजांनी सांसर्गिक रोगांचा कायदा केला. बायकांची नोंदणी, बायकांची सक्तीची तपासणी. काळजी होती गोऱ्या शिपायांच्या रोगाची, तपासणी मात्र शिपायांची नाही. वीस वर्षांनी, १८८८ साली, तो गुंडाळला.

"पण फसवून आणलेल्या पोरींचं काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं. सकाळपासूनचा हा पहिला खरा प्रश्न होता, म्हणून सगळे मारुतीकडे बघायला लागले. उत्तर वकीलसाहेबांनी दिलं. अल्पवयीन मुलीला या धंद्यात आणणं, कोणालाही जबरदस्तीने बसवणं, याला कायद्यात जबर शिक्षा आहे आणि असायलाच हवी. अडचण अशी, की दलालाला शोधावं लागतं आणि दारात उभी असलेली बाई न शोधता सापडते. मग रेड पडते. पळवून आणलेली पंधरा वर्षांची पोर आणि दोन मुलांच्या फिया भरणारी चाळिशीची बाई एकाच गाडीत बसतात. पुनर्वसनाला शिलाई मशीन मिळतं. मशीन येतं, कापड येत नाही.

"त्या बायका स्वतः काय म्हणतात?" मी विचारलं. सांगलीत 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' १९९६ पासून हेच सांगतेय. आम्हाला परवाना नको, उद्धारही नको, आमच्या जगण्याला गुन्हा म्हणणारी कलमं तेवढी काढा. न्यूझीलंडने २००३ साली साधारण असंच केलं.

"त्यांना कसं विचारणार?" युरोपकाका म्हणाले. "त्या निःपक्षपाती नाहीत."

हे सगळ्यांना पटलं. एकमत होतंय असं दिसताच वकीलसाहेबांनी जाता जाता आणखी एक माहिती दिली. १९९९ साली स्वीडनने वेगळाच कायदा केला. बाईला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाला धरायचं. त्याचेही तोटे आहेत, बायका म्हणतात की धंदा आणखी अंधारात जातो. पण चर्चेत तोही पर्याय घ्यायला हरकत नाही.

मुख्याध्यापकांना बीपीची गोळी आठवली. युरोपकाकांना काकूंचा फोन आला, रिंग मात्र कोणी ऐकली नाही. एकाला दूध आणायचं होतं, एकाला उन्हाचं सोसत नव्हतं. वकीलसाहेबांनी स्कूटरला किक मारली. मी हातातलं टोक खाली ठेवलं आणि चपला शोधू लागलो.

ओव्हरसियर रस्त्यात उभे होते. फीत पन्नास मीटरची आहे, दुसरं टोक धरायला माणूस लागतो. "अहो, कोणीतरी धरा!" ते ओरडत होते. सगळे भराभर चालत राहिले.