सोडल्याचे कारण

1 जूनला फेसबुक उघडून बघा. निम्मा माण-खटाव आणि पाऊण जत त्या दिवशी जन्मलेला असतो. हा ग्रहांचा योग नव्हे, गुरुजींचा हात आहे. शाळा उघडली की बाप पोराला ओढत आणायचा. ‘कधी जन्मला?’ विचारलं की ‘दुष्काळाच्या साली’ एवढंच सांगायचा. गुरुजी 1 जून लिहून मोकळे. त्या एका फटकाऱ्यावर पुढे तलाठी कधी घरी बसणार आणि हेडमास्तर कधी, हे ठरून गेलं. म्हणून आमच्याकडे 31 मेला शाल आणि नारळ दोन्ही महागतात.

न्यायमूर्तींचंही तेच. उच्च न्यायालयात वयाची 62 वर्षं, सर्वोच्च न्यायालयात 65. तारीख आली की उठायचं.

अमेरिकेत ही कटकट नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निवृत्तीचं वयच नाही, त्यामुळे खुर्ची सोडण्याआधी न्यायाधीश व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय ते बघून घेतो. आपल्या विचाराचा असेल तर नातवंडांची आठवण येते, नसेल तर गोळ्या घेत तग धरायचा. रूथ बेडर गिन्सबर्ग थांबल्या, 18 सप्टेंबर 2020 ला वयाच्या 87 व्या वर्षी वारल्या, आणि सव्वा महिन्यात ट्रम्प यांनी त्यांच्या जागी ॲमी कोनी बॅरेट यांना बसवलं. मग स्टीफन ब्रायर यांनी शहाणपणा केला. बायडेन असतानाच, 2022 साली, झोळी उचलली.

आपल्या घटनेनं ही चैन ठेवली नाही. म्हणजे राजकारण संपलं? कृष्णाकाठच्या माणसाला विचारा. बांध घातला की पाणी शेजारच्या रानातून वाट काढतं.

पहिली वाट जन्मतारखेची. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ज्योतिप्रकाश मित्तर यांच्या वयाचा वाद असाच पेटला. ते सांगत 1904, जुने कागद सांगत 1901. इतरांच्या हक्काचा निवाडा करणाऱ्या माणसाचा स्वतःच्या वयाचा निवाडा होईना! 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं उच्च न्यायालयातलं निवृत्तीचं वय 60 चं 62 केलं आणि न्यायमूर्तीच्या वयाबद्दल वाद झाला तर तो राष्ट्रपतींनी सोडवावा, अशी तरतूदही घातली. हे प्रकरण 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर, जन्म सातारा, 16 मार्च 1901. साताऱ्याच्या माणसाला तारखेचा घोळ समजावून सांगावा लागला नसणार.

दुसरी वाट निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाची. निवृत्तीनंतरच्या नोकरीची आशा निवृत्तीआधीच्या निकालांवर पडते, असं अरुण जेटली 2012 मध्ये म्हणाले होते. तेव्हा ते विरोधी बाकावर होते, आणि त्या बाकावरून फार स्वच्छ दिसतं. 2014 मध्ये ते मंत्री झाले आणि एप्रिलमध्ये निवृत्त झालेले सरन्यायाधीश सदाशिवम सप्टेंबरमध्ये केरळचे राज्यपाल. रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 मध्ये निवृत्त, मार्च 2020 मध्ये राज्यसभेवर. काँग्रेसवाल्यांनी हसू नये. त्यांच्या खात्यावर बहरुल इस्लाम आहेत. राज्यसभेतून गुवाहाटी उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि 1983 साली निवृत्तीला काही आठवडे उरले असताना राजीनामा देऊन पुन्हा राजकारणात. एसटीच्या वाहकालासुद्धा डेपो बदलायला जास्त वेळ लागतो.

तारीख ठरलेली असण्याचा एक फायदा मात्र आम्हा सातारा-सांगलीकरांना झाला. कोल्हापूरला खंडपीठ हवं म्हणून सहा जिल्ह्यांचे वकील किती वर्षं ओरडत होते! उपोषणं झाली, कोर्टावर बहिष्कार झाले. पक्षकार बिचारा फायलीची पिशवी उशाशी घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायचा, दुपारी ‘पुढची तारीख’ ऐकायचा आणि रात्री परत मिरजेच्या गाडीत. मग 2025 साली सगळ्या चाव्या एकदम फिरल्या. 1 ऑगस्टला सर्किट बेंचची अधिसूचना, 17 ला सरन्यायाधीश भूषण गवईंच्या हस्ते उद्घाटन, 18 ला कामकाज. अधिसूचना काढणारे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे महिना संपायच्या आत दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 23 नोव्हेंबरला गवई निवृत्त झाले. लोक याला योगायोग म्हणोत. मला तर वाटतं, प्रत्येक साहेबाच्या टेबलावर निवृत्तीची तारीख मोठ्या अक्षरात लावावी. गवईंनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, हेही आधीच सांगून टाकलं होतं. दुसरी वाट त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवली.

आता तिसरी वाट, म्हणजे मुदतीआधी उठून जाणं. कधी जायचं याची खरी मोकळीक इथेच असते, त्यामुळे माणूसही इथेच कळतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला विधी आयोगाचेही सदस्य होते. न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी नोकरी घेऊ नये, असं त्या आयोगानं 1958 च्या अहवालात बजावलं. आणि त्याच वर्षी छागला अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून रवाना! अलीकडे कलकत्त्याचे अभिजित गंगोपाध्याय तर त्याहून चपळ. 5 मार्च 2024 ला राजीनामा, दोनच दिवसांत भाजप, जूनमध्ये तमलूकचे खासदार. न्यायासनावरून उठून प्रचाराच्या गाडीत बसेपर्यंत चहासुद्धा निवला नसेल. याउलट नागपुरात 4 ऑगस्ट 2023 ला न्यायमूर्ती रोहित देव यांनी स्वाभिमान सोडून काम करता येत नाही, असं भर कोर्टात सांगून राजीनामा दिला.

पण या वाटेचा पहिला वाटाड्या आमच्या माहुलीचा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं ते गाव, तिथले रामशास्त्री प्रभुणे. राजीनाम्याचं शास्त्र या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं. थोरले माधवराव जपजाप्यात रमू लागले तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जायची परवानगी मागितली, असं सांगतात. पेशवे काय ते समजले आणि जपमाळ खाली ठेवून कारभाराला लागले. दुसऱ्या वेळी मात्र समजणारा मालक नव्हता. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. राघोबादादांना प्रायश्चित्त विचारायचं होतं, ते शास्त्रीबुवांनी सांगितलं : देहान्त. आणि पुणं सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. राघोबांच्या पदरात राज्यपालपद नव्हतं असं नाही. सुभे होते, जहागिऱ्या होत्या. पुढे बारभाईंचा अंमल आला तेव्हा नाना फडणवीसांनी त्यांना मानानं परत बोलावलं. तेव्हा ते परत न्यायाच्याच खुर्चीवर बसले.

परवा घरात जुनी ट्रंक उघडली तर वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला हाती लागला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. जन्मतारीख अर्थातच 1 जून. खाली तीन रकाने : शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण, वर्तणूक. कारणापुढे गुरुजींनी लिहिलं होतं, ‘पुढील शिक्षणासाठी’. वर्तणुकीपुढे, ‘चांगली’. तेव्हा सगळ्यांचीच चांगली असायची.

न्यायमूर्तींनाही निरोपाच्या दिवशी असा एक दाखला द्यावा. तारखेचा रकाना छापीलच ठेवा, तिथे कुणाचं काही चालत नाही. सोडल्याच्या कारणापुढे ज्याचं त्यानं लिहावं : राजदूत, राज्यपाल, खासदार, स्वाभिमान. वर्तणुकीचा रकाना मात्र दोन वर्षं कोरा ठेवायचा. साहेब कुठल्या गावी राहायला गेले ते बघून मग भरायचा. वाईच्या बाजूला गेले असतील तर ‘चांगली’ लिहायला आमचे गुरुजी अजून टाक धरून बसलेत.