बोदवडात स्नॅचर टिकायचा नाही

यंत्रमानवांनी कधी बोदवडवर कब्जा करायचं ठरवलंच, तर माझा त्यांना एक सल्ला आहे : थंडीत या आणि लग्नसराईच्या आत निघा.

हे मी ‘स्नॅचर’ या जपानी व्हिडिओ गेमच्या आधारे सांगतो. ‘ब्लेड रनर’ सिनेमानं झपाटलेल्या हिदेओ कोजिमानं तो १९८८ साली काढला. काळ भविष्यातला, शहर निओ कोबे. तिथे यंत्रमानव माणसाला मारतात, त्याचं रूप घेतात आणि त्याच्या जागी बिनबोभाट नांदू लागतात. गिलियन सीड नावाचा गडी त्यांच्या मागावर असतो. आता धूमधडाका होईल म्हणून आपण सरसावून बसतो, आणि वाचत बसतो. बंदूक निघते, पण सणासुदीला. एरवी ‘पाहा’, ‘तपासा’, ‘विचारा’. पाहिलेलं परत पाहा, विचारलेलं परत विचारा. मग कुठे समोरचा मुद्द्यावर येतो.

“मामा, फार स्लो आहे हं. झेपेल ना?” पुण्याहून आलेल्या भाच्यानं विचारलं. अरे भो, कापसाचा भाव या विषयावर इथला ओटा दिवाळीपासून होळीपर्यंत बसतो! उलट गेमची खरी गंमत त्या संथपणातच आहे. गोळ्या झाडायच्या नसल्या की माणसं दिसायला लागतात. कोण जास्त बोलतं, कोण विषय बदलतो, कोणाच्या घरात काय जागेवर नाही. संशय हळूहळू मुरतो. मुरलेल्या लोणच्याला घाई करून चालत नाही.

पण निओ कोबेवाल्यांची मला कीव येते. शेजारचा माणूस बदलला, तरी पत्ता नाही. इकडे नवा माणूस यष्टीतून उतरला की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, तिसरा मामाच्या गावाचा. चौथ्याला यंत्राच्या डोक्यातून धूर निघेल. त्यातूनही वाचला, तर लग्नाच्या पंगतीत भरिताचा पहिला घास घेऊन तो नाक न पुसता शांत बसलेला दिसेल, आणि तिथेच धरला जाईल.

शिवाय ऊन. (इथे थोडं रहस्य फुटतंय, पण गेम १९८८चा आहे, माफ करा.) या स्नॅचरांच्या नकली कातडीला ऊन सोसत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो. उपरणं गुंडाळून फिरणारे आम्हीच कसेबसे तगतो.

आई भरताची वांगी निवडत मागे बसली होती. पडद्यावर जेमी आली.

“कोनाची रे ही?”

“आजी, ती गिलियनची बायको. दोघं वेगळे राहतात. दोघांनाही आधीचं काहीच आठवत नाही.”

“दोघांलेबी?” आईनं वांगं खाली ठेवलं. “मंग त्या यंत्रांच्या मागं कायले फिरतो हा? सगळी भानगड या दोघांच्या घरातलीच असंल. सासर-माहेर विचारा आधी.”

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं गेम आधी एकदा संपवला होता. १९८८ची आवृत्ती दोन अंकांवरच थांबली होती. या नवराबायकोच्या भूतकाळाचा गुंता सोडवणारा तिसरा अंक जपानी मंडळींना थेट १९९२ साली मिळाला.

“चार वर्षं?” आई म्हणाली. “कोन्ही विचारलंच नसंल.”