संभाव्य व्यंगचित्रकार

ज्यांची बोटे रेघ ओढण्यासाठी सदैव शिवशिवतात, परंतु ती कोणत्या लेखणीने ओढावी याचा निर्णय लागेपर्यंत ज्यांचा उजवा हात सक्तीच्या रजेवर असतो, अशा गृहस्थांचा एक वर्ग अलीकडे आपल्या शहरांतून उदयास आला असून, गिरगावातील आमचे एक स्नेही हे त्या वर्गाचे अध्वर्यू होत. पेशाने ते सरकारी कचेरीत मुख्य कारकून, वृत्तीने व्यंगचित्रकार, आणि वस्तुतः संगणकाला जोडावयाच्या स्वस्त पेन टॅब्लेटचे आजन्म उमेदवार आहेत.

खरेदीची दरखास्त त्यांनी स्वतःच स्वतःकडे दाखल केलेली आहे. ती दर दसऱ्याला सुनावणीस येते आणि अधिक पुराव्यासाठी तहकूब होते. एका जाड वहीत वॉकॉम, ह्युऑन आणि एक्सपी-पेन असे रकाने आखलेले असून, जपानी वॉकॉमखाली ‘विश्वासार्ह, परंतु तेवढ्याच पैशांत चिनी मोठा येतो’ असा शेरा, तर चिनी रकान्यांत ‘मोठा येतो, परंतु ड्रायव्हरचा भरवसा काय?’ असा प्रतिशेरा आहे. पडद्याचा घ्यावा तर चित्राकडे पाहत चित्र काढता येते, पण किंमत कैक पटींनी चढते. बिनपडद्याचा घ्यावा तर हात टेबलावर आणि दृष्टी समोरच्या पडद्यावर अशी फारकत पत्करावी लागते. थोड्या सरावाने ती अंगवळणी पडते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. सरावाचा रकाना मात्र वहीत नाही.

त्यांच्या व्यासंगाबद्दल शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. ज्या कलमात बॅटरी नसते, ते कलम फलकाखालच्या तारांच्या जाळ्याने निर्माण केलेल्या विद्युत्चुंबकीय क्षेत्रातूनच आपली शक्ती कशी घेते, हे ते इतक्या तन्मयतेने विशद करतात की ऐकणाऱ्यास आपला चहा निवल्याचे भान राहत नाही. कलमावरचा दाब ओळखण्याच्या पायऱ्या २०४८ होत्या तेव्हा ते ४०९६ साठी थांबले, त्या आल्यावर ८१९२ साठी, आणि आता १६३८४ आल्यामुळे तर थांबण्याची त्यांची शक्तीच द्विगुणित झाली आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे, रेघ जाड हवी की बारीक एवढे कलमाला उमगले म्हणजे व्यंगचित्राचे भागते, आर. के. लक्ष्मण यांच्या कुंचल्याच्या पायऱ्या कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही. हे मी एकदा बोलून दाखविले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अत्यंत अनुकंपेने पाहिले.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून ते फूटपट्टी घेऊन हिंडतात. नमुन्याच्या फलकावर ती तिरकी ठेवून तिच्या कडेने मुंगीच्या गतीने कलम सरकवायचे, कारण हलक्या मालाची रेघ अशा वेळी हटकून नागमोडी होते; मग वर्तुळ काढायचे, आणि फलकाचे व पडद्याचे प्रमाण न जुळल्यामुळे त्याचे अंडे झाले की विक्रेत्याचा जबाब घ्यायचा. वास्तविक ते प्रमाण सेटिंगमध्ये जुळविता येते आणि विक्रेत्यापेक्षा त्यांनाच ते अधिक अवगत आहे; तथापि गुन्हा शाबीत करण्यातला आनंद दुरुस्तीत कोठून येणार?

आणि या गृहस्थांच्या स्वभावातील थोर विसंगती अशी की दुसऱ्याच्या खटल्याचा निकाल ते उभ्या उभ्या देतात. चाळीतली एक महाविद्यालयीन मुलगी सल्ल्यासाठी आली, तेव्हा वही न उघडताच ते म्हणाले, “मध्यम आकाराचा, बिनपडद्याचा, चिनी घे. लहान घेतलास तर नुसतं मनगट हलतं, हात मोकळा होत नाही. डावरी आहेस, तेव्हा फलक उलटा फिरवून सेटिंग बदल. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरव. आणि उद्यापासून सुरू कर!”

तिने खरोखरच सुरू केले. चाळीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तिचे व्यंगचित्र छापून आले: दुकानात एक चष्मेवाले गृहस्थ फूटपट्टी घेऊन फलकावर ओणवे झाले आहेत, आणि त्यांच्यामागे खोळंबलेल्या गिऱ्हाइकांची रांग थेट रस्त्यावर गेली आहे. सारी चाळ पोट धरून हसली. आमच्या स्नेह्यांनी ते पान डोळ्यांशी धरून बराच वेळ न्याहाळले.

“काका, ओळखलंत का?” मुलीने भीत भीत विचारले.

“न ओळखायला काय झालं? या माणसाच्या नाकाची तिरकी रेघ बघ, थरथरते आहे. ड्रायव्हर जुना असणार,” ते म्हणाले, आणि वही उघडून चिनी रकान्यात त्यांनी तत्काळ एक प्रतिकूल शेरा नोंदविला.