रुसलेल्या फायलींचे नाना

प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतो, की ज्याच्याकडे नादुरुस्त वस्तू मोठ्या विश्वासाने न्यावी आणि ती तशीच, किंबहुना किंचित अधिक नादुरुस्त होऊन, परंतु पूर्ण समाधानाने परत आणावी. पूर्वी तो घड्याळे उघडी, मागाहून रेडिओ उघडू लागला. अलीकडे शिरूर तालुक्यातील आमच्या पाबळास तो, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरण्यास साफ नकार देणाऱ्या लग्नकार्यांच्या व्हिडिओ फायली उघडतो. हा इसम गावोगाव आढळत असल्याने त्याचे खरे नाव सांगण्यात हशील नाही; आपण त्याला नुसते नाना म्हणू.

ज्या गावी मस्तानीची समाधी आहे, त्या गावच्या माणसाने चित्रपटविषयात अधिकारवाणीने बोलावे, हे ओघानेच आले. आणि 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’ पडद्यावर आल्यापासून तर नाना त्या विषयाचे वतनदारच झाले आहेत. परंतु त्यांची खरी कीर्ती निदानात आहे. रुग्ण समोर आला, की नाना प्रथम मेमरी कार्ड सदऱ्याच्या टोकाने पुसतात. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करतात. आणि इतक्यानेही भागले नाही, तर फायलीच्या नावापुढील ‘एमओव्ही’ ही अक्षरे खोडून तेथे ‘एमपीफोर’ असे लिहितात. त्यावरही सॉफ्टवेअरने ‘फॉरमॅट मान्य नाही’ असा शेरा मारून अर्ज नामंजूर केला, म्हणजे नाना खुर्चीत मागे रेलून, दीर्घ निःश्वास टाकून, ‘कोडॅक’ एवढाच शब्द उच्चारतात. वास्तविक तो शब्द कोडेक. परंतु नानांची उमेद रोल धुण्याच्या काळात गेलेली, आणि कोडॅक या रोलच्या कंपनीने 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज केल्याची वार्ता त्यांच्या कानी आलेली, त्यामुळे मालकच बुडाल्यावर फायली कोठून उघडणार, ही त्यांची उपपत्ती कोणाच्याही सांगण्याने ढळत नाही.

मी पडलो शाळामास्तर. मला ते कोडे माझ्या परीने समजून घ्यावे लागले. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो कागद मोडी लिपीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, मजकूरही मराठीच. तरी मोडी न येणाऱ्या विद्वानापुढे तो ठेवला, तर विद्वान गप्प बसतो. व्हिडिओ फाईलची गत तीच. एमपीफोर किंवा एमओव्ही हा केवळ लखोटा; आतला मजकूर ज्या लिपीत बांधलेला असतो, ती लिपी म्हणजे कोडेक. 2003 सालची एच.264 ही लिपी बहुतेकांना वाचता येते. परंतु 2013 साली रूढ झालेली एच.265, जी जवळजवळ तेवढेच चित्र निम्म्या जागेत बसवते, ती जुन्या कॉम्प्युटरला मोडीसारखी दिसते. नाना लखोट्यावरचा पत्ता बदलतात. पत्र होते तसेच राहते. शिवाय एकाच लखोट्यात चित्र आणि ध्वनी अशी दोन स्वतंत्र पत्रे असतात, आणि दोहोंची लिपी वेगवेगळी. व्हीएलसी नावाचा प्लेअर पदरी नाना लिप्यांचे वाचक बाळगून असतो, म्हणून ‘तिथं दिसतं, मग इथं का न्हाई?’ हा यजमानांचा संतप्त सवाल नानांना दररोज ऐकावा लागतो.

काही दुखणी याहून सूक्ष्म. मोबाईलवर केलेले चित्रण मंद उजेडात दर सेकंदाला सारख्याच संख्येने चित्रे टिपील, याची शाश्वती नसते. सॉफ्टवेअर मात्र ती संख्या कायम धरून चालते, आणि मग मंगलाष्टकांच्या शेवटी अक्षता आधी पडतात व ‘सावधान’ मागाहून ऐकू येते. (लग्नाच्या बाबतीत हा क्रम अगदीच असत्य म्हणता येणार नाही.) चित्रण चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी अकस्मात बंद पडली, तर फायलीच्या अखेरीस लिहावयाची अनुक्रमणिका राहून जाते, आणि कित्येक जीबींचे ते बाड, खातेफोड न झालेल्या जमिनीप्रमाणे, असून नसल्यासारखे पडून राहते.

आमच्याच गावात डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापून, काम करता करता शिकावे, हे तत्त्व मुलांच्या अंगी बाणवले. त्या तत्त्वाचा पूर्वार्ध नानांनी आश्रमाच्या फाटकाबाहेरूनच मनोभावे आत्मसात केला. उत्तरार्धासाठी त्यांना अद्याप सवड मिळालेली नाही.

तरीही नानांपाशी एक गुण आहे, जो भल्याभल्या तज्ज्ञांपाशी नसतो: ते कोणतीही फाईल ‘खराब’ म्हणून पुसून टाकत नाहीत. ‘मास्तर, फाईल मरत नसती, रुसती,’ हे त्यांचे वचन. न उघडलेल्या साऱ्या फायली एका हार्ड डिस्कवर घालून, ती डिस्क तांबड्या फडक्यात गुंडाळून, ते कपाटात ठेवतात. पेशवे दप्तरातही कागदांचे गठ्ठे असेच फडक्यात बांधलेले असतात, आणि त्यांना ‘रुमाल’ म्हणतात, हे नानांच्या गावीही नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नाची फाईल त्या रुमालात तीन वर्षे होती. मध्यंतरी आमचे काका निवर्तले. गेल्या महिन्यात नानांनी नवा कॉम्प्युटर घेतला, जुना रुमाल सोडला, आणि मला सांगावा धाडला. जाऊन पाहतो तो फाईल विनासायास उघडलेली! नव्या यंत्राला ती लिपी उपजतच येत होती. नाना मात्र आपल्या तीन वर्षांच्या उपचाराला आता गुण आला, अशा चर्येने बसले होते. मांडव दिसला, पंगत दिसली, आणि पंगतीच्या टोकाला काका दिसले, वाढप्याला थांबवून काहीतरी सांगणारे. ओठ हलत होते. शब्द एकही उमटत नव्हता. चित्राचे पत्र वाचले गेले होते, ध्वनीचे अजून मोडीतच होते.

मला ते ऐकण्याची गरज नव्हती. काका प्रत्येक लग्नात वाढप्याला थांबवून आमटीत मीठ कमी असल्याचे सांगत, आणि हयातीत ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते, की ते पुन्हा ऐकावेसे वाटेल, हे मला स्वप्नातही खरे वाटले नसते.

नानांनी माझ्याकडे पाहिले, कार्ड नसतानाही सदऱ्याचे टोक हाती घेतले आणि म्हणाले, ‘आवाज रुसलाय, मास्तर. त्याचं उद्या बघू.’

मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठालाच त्यांच्या दारात हजर होतो.