जेवणाच्या मेजावरील गॉटहार्ड

आधी पर्वत आणि मग त्याच्या चढणीला पुरून उरणारे इंजिन, हा झाला स्वित्झर्लंडातील क्रम. आमच्या थोरल्या मेहुण्यांच्या घरी मात्र आधी इंजिन आले आणि त्यास शोभेलसा पर्वत उभारण्याची जबाबदारी यथावकाश सर्व कुटुंबावर येऊन पडली. इंजिन अवघे वीतभर लांबीचे, रंगाने हिरवे. मधोमध चालकाची खोली आणि पुढेमागे दोन लांबोडकी नाके, यांमुळे जगभरचे रेल्वेभक्त त्यास ‘मगर’ म्हणून ओळखतात. जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या मेर्कलिन कंपनीने या मापाची मगर प्रथम १९४७ साली काढली. हीच कंपनी १८५९ साली भातुकलीची पत्र्याची भांडी करीत उदयास आली, ही माहिती ताईच्या कानी गेल्यापासून ‘तेवढ्यावरच थांबले असते तर त्यांचे काय बिघडले असते?’ हा तिचा सवाल घरात अनिर्णित पडून आहे.

मूळ मगरीचा इतिहास मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. स्वित्झर्लंडात पाणी मुबलक, पण कोळसा बहुतेक सारा परमुलखातून यावयाचा. पहिल्या महायुद्धात त्याची आवक आटली आणि भाव गगनाला भिडले, तेव्हा आल्प्स ओलांडणारा गॉटहार्डचा लोहमार्ग विजेवर आणण्याचा जो विचार आधीपासून घोळत होता तो एकाएकी निकडीचा झाला. विंटरटूरच्या कारखान्याने यांत्रिक अंग आणि अर्लिकॉनच्या कारखान्याने विद्युत् अंग सिद्ध करून १९१९ ते १९२२ या काळात अशी ३३ इंजिने सेवेत रुजू केली. त्या काळच्या मोटारी इतक्या अवाढव्य की चाकांच्या बेचक्यात त्यांना थारा मिळणे अशक्य; म्हणून एकेका नाकात दोन-दोन मोटारी बसवून दंतचक्रांच्या व आडव्या दांड्यांच्या योगे सहा आसांना गती दिली, जडशीळ रोहित्र मधल्या पेटीत ठेवले, आणि १२८ टनांचे हे धूड डोंगरातल्या वळणावर अडून बसू नये म्हणून ते तीन खंडांत सांध्यांनी जोडले. उतरणीवर याच मोटारी जनित्रे होऊन काही वीज पुन्हा तारेत जमा करीत. घेतलेले परत करण्याच्या या सद्गुणाची मेहुणे भरल्या गळ्याने तारीफ करतात. माझी जी पुस्तके त्यांच्या कपाटात मुक्कामाला आहेत त्यांना हा नियम लागू नसावा.

अशा इंजिनाला सपाट मेजावर गोल गोल फिरविणे म्हणजे त्याची मानहानी, असा निवाडा झाला. मग रद्दी, खळ आणि प्लास्टर यांचा पर्वत जेवणाच्या मेजावर आकार घेऊ लागला. गॉटहार्डची खडी चढण हजारास २७, म्हणजे मीटरभर अंतरात २७ मिलिमीटर. मेजावर एक रूळ दुसऱ्या रुळावरून न्यावयाचा तर नऊ सेंटिमीटर उंची गाठलीच पाहिजे, आणि त्या चढणीने ती गाठावयास सव्वातीन मीटरांहून अधिक रूळ हवा. मेजाची लांबी याच्या निम्मीही नाही. ‘स्विस अभियंत्यांपुढेही नेमका हाच पेच होता!’ असे हर्षभराने उद्गारून मेहुण्यांनी डोंगराच्या पोटात बोगद्याचे वेढे घातले. खऱ्या मार्गावर वासेन गावाजवळ गाडी अशीच वेढे घेत चढते आणि प्रवाशांना तेच एक चर्च तीन निरनिराळ्या उंचींवरून दिसते. आमच्याकडे ते चर्च खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचे असून जेवताना आमटीच्या पातेल्याआडून एकदाच दिसते.

मेहुण्यांच्या सत्यनिष्ठेलाही काही सोयीस्कर फटी आहेत. इंजिनाच्या पायरीचा रंग राखाडी की काळा, यावर आठवडाभर मसलत चालते. परंतु ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण खऱ्या मापात जेमतेम ३१ मीटरांचे होते आणि तेथे मूळ मगरीने रूळच उखडून टाकले असते, याविषयी अवाक्षर निघत नाही. १५,००० व्होल्टच्या तारेसाठी वर उभारलेला पेंटोग्राफ आमच्या मेजावर केवळ दर्शनी. खरा प्रवाह १६ व्होल्टचा, आणि तो रुळांमधल्या खिळ्यांच्या रांगेवरून पोटाखालची पट्टी गुपचूप उचलते. इंजिन उलट दिशेस न्यावयाचे तर रोहित्राची गुंडी शून्याच्याही मागे दाबून २४ व्होल्टचा एक झटका द्यावा लागतो. आत ‘टक्’ असा आवाज होतो, आणि आतला खटका वयोमानाने जरा आळसावलेला असला तर मगर दिशा बदलण्यापूर्वी बेडकासारखी उडी घेते. त्या उडीनंतर बोगद्यात आडव्या झालेल्या डब्यांच्या सुटकेसाठी घरातील सर्वांत बारीक मनगट, म्हणजे आमची भाची, कायमची तैनात आहे.

एके दिवशी मी एक नम्र दरखास्त पुढे ठेवली. ‘भाऊजी, आपल्या बोरघाटाची चढण ३७ ला १, म्हणजे हिशेबाने हजारास २७च. तिथेही १९२८च्या सुमारास अशीच दांड्यांची, सांध्यांची, दोन नाकांची इंजिने आली, त्यांतली पहिली काही त्याच विंटरटूरच्या कारखान्यातली. आपल्या लोकांनी त्यांना खेकडा म्हटले. मग हा डोंगर कर्जत-खंडाळ्याचा मानायला काय हरकत आहे? बाजूला करवंदाची जाळी लावू.’

‘काहीतरीच काय बोलतोस!’ भाऊजी कडाडले. ‘खेकडा १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालायचा, मगर प्रत्यावर्ती प्रवाहावर. त्या काळच्या कर्जतला नेली असतीस तर जागची हलली नसती ती!’

हे उच्चारताना पोटाखालच्या त्या पट्टीचा त्यांना पूर्ण विसर पडला होता. ताईने मात्र वाद तहकूब केला आणि लोणावळ्याहून आलेला चिक्कीचा खोका वासेनच्या चर्चाशेजारी ठेवून ती स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊजींनी मोजपट्टी काढून खोका मोजला, प्रमाणाने तो सतरा मीटरांहून उंच भरतो असे जाहीर केले, आणि बराच वेळ विचार करून त्यास मालगोदाम म्हणून मंजुरी दिली. अट एवढीच, की चिक्की संपली तरी गोदाम हलवावयाचे नाही.